सिगारच्या डब्यावरची सूचना

इरफानचे मामू तुम्ही पाह्यले नाहीत, म्हणून सांगतो. कापसाले भाव नव्हता, वणीतली जिनिंग बंद होती, त्या वर्षीची गोष्ट. पंधरा वर्षांचे आम्ही दोघं मामूच्या गॅरेजात रिकामे बसलो होतो. दुरुस्तीले आलेल्या गाडीत सिगारचा डबा सापडला. मी त्याच्यावरची कॅन्सरची सूचना वाचली.

"खोटं हाय," इरफान म्हणाला. "सिगारचा धूर आत कोण घेते? तोंडातूनच सोडतेत."

मामू मागंच उभे होते. ऑपरेशनात अर्धी जीभ गेल्यापासून ते कोणाशी बोलत नव्हते. त्या दिवशी बोलले. तीनदा बोलले, तेव्हा आम्हाले समजलं.

"मी चिरूट ओढत होतो. धूर कधीच आत घेतला नाही."

इरफाननं डबा गाडीत ठेवला, अन् मामूले पाणी आणून देलं.