हिरवा ठिपका

मिथुन : मग काका, या पत्राला उत्तर का नाही दिलंत? सहा महिने झाले की.

विद्याधर : काय देणार? तुम्हीच वाचा ना. दत्तारामने गाडी मला विकली, गावी जाऊन राहिला आणि पंधरा दिवसांत हे आलं. ‘विद्याधर, स्टिअरिंग हलकं आहे ना? तुझ्या खांद्याचा विचार करून ठेवलंय. काही वाटलं तर विक्रोळीला मिथुनच्या गॅरेजमध्ये जा, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस.’ आणि इथे मी जातं ओढावं तसा दोन्ही हातांनी ओढतोय. वाटलं, फसवून वर चौकशी करतोय.

मिथुन : दत्ताकाका? फसवणार? काय बोलताय!

विद्याधर : चाळीस वर्षं एका कंपनीत होतो. तो फिटर, मी लायब्ररीत. मलाही पटत नव्हतं हो. म्हणून मग वाटायचं, आपलेच हात गेले असतील. फिजिओथेरपी लावली. रोज सकाळी रबरी चेंडू दाबतो, शंभर वेळा.

मिथुन : चेंडू राहू द्या, इकडे या. टायरमध्ये हवा बरोबर आहे. स्टिअरिंगची मोटर ठीक आहे. पुढची चाकं जॅकवर उचललीत, म्हणजे जमिनीचा भारपण नाही. आता फिरवा.

विद्याधर : जडच लागतंय.

मिथुन : सोडा. मी हातानेच या साइडचं चाक थोडं ढकलतो. बघा, चाकसुद्धा अडकत अडकत फिरतंय. रस्त्यावर वळण संपलं की आपोआप सरळ येतं का?

विद्याधर : नाही. ओढूनच आणावं लागतं.

मिथुन : म्हणजे तुमचे हात नाय, रॅक. स्टिअरिंगचं वळण चाकांना देणारा दात्यांचा दांडा. खाली एक स्क्रू असतो. जुन्या गाडीत खडखड आली की तो किंचित आवळतात. जास्त आवळला की स्टिअरिंगचा दगड होतो. हा आवळलाय. त्याला धरून ठेवणाऱ्या नटवर हिरवा ठिपका दिसला?

विद्याधर : म्हणजे दत्तारामनेच...

मिथुन : नाय ओ! त्याची गाडी दहा वर्षं मी केलीय. माझा ठिपका पिवळा, तो बघा पुसट दिसतोय. हिरवा म्हणजे मुलुंडचा खंडू. आम्ही दोघं एकाच उस्तादकडे शिकलो. नटाला हात लावला की आपल्या रंगाची खूण ठेवायची. उद्या कोणी विचारलं तर नाव लपवता येत नाही.

विद्याधर : पण मी खंडूकडे कधी गेलोच नाही.

मिथुन : गाडी गेलीय ना.

विद्याधर : सीट कव्हर... पहिल्या आठवड्यात सीट कव्हर घालायला अस्मिताने नेली होती. माझी मुलगी. तिची गाडी त्याच्याकडेच असते. परत आली आणि जड लागायला लागली. मला वाटलं, आधी नवेपणाच्या उत्साहात हलकी वाटली असेल.

अस्मिता : बाबा! फोन का नाही उचलत? मुलुंडहून एकटे आलात, या गाडीने? लोकेशन बघून रिक्षाने धावत आले मी.

विद्याधर : वीसच्या स्पीडने आलो. मागचे शिव्या घालत होते. अस्मि, या नटवर हिरवा ठिपका आहे.

अस्मिता : कसला ठिपका? मला काय कळतंय त्यातलं?

मिथुन : ताई, खंडूला फोन लावू?

अस्मिता : नको.

विद्याधर : तू सांगितलंस त्याला?

अस्मिता : पहिला रविवार आठवतो? देवनारजवळ गाडी एकदम डिव्हायडरकडे गेली. निधी मागे बसली होती, बाबा. सहा वर्षांची पोर आहे माझी.

विद्याधर : आठवतो. चूक माझीच होती.

अस्मिता : मी खंडूला म्हटलं, एवढं हलकं नको, जड करून दे. म्हणजे गाडी स्थिर राहील. इतकंच.

मिथुन : स्थिर कसली? वळणावरून परत न येणारं स्टिअरिंग जास्त डेंजर, ताई. खंडूला मी बघतोच.

विद्याधर : आणि मी म्हणालो, माझ्या हातांत जोर राहिला नाही. तेव्हा?

अस्मिता : तेव्हा वाटलं, बरं झालं. आपणहून गाडी चालवणं सोडाल.

विद्याधर : फिजिओकडे तूच न्यायचीस. दर मंगळवारी. बाहेर बाकावर बसून असायचीस.

अस्मिता : बाबा, प्लीज. इथे नको ना.

विद्याधर : आणि दत्तारामचं? ‘विकताना चार दिवस टिकेल अशी डागडुजी करतात, सगळेच करतात.’ हे कोण म्हणालं?

अस्मिता : मी. चुकलं माझं. पण सरळ सांगून तुम्ही ऐकलं असतंत?

विद्याधर : तुझं कोणतं ऐकलं नाही मी? भाजी कुठली आणू, तेही तुला विचारतो. एकदा म्हणाली असतीस, बाबा, मला भीती वाटते, तर किल्ली तुझ्या हातात ठेवली असती. मिथुन, तो स्क्रू सैल करा.

मिथुन : जरासाच सोडला. पाव फेरापण नाय. नट आवळतो, पिवळा लावतो. गाडी खाली घेतली. गल्लीच्या टोकापर्यंत एक चक्कर मारा, वळणावर हात ढिला सोडा.

अस्मिता : मी चालवते.

विद्याधर : नको.

मिथुन : आलात? काय झालं वळणावर?

विद्याधर : आलं हो सरळ. आपलं आपण आलं.

मिथुन : झकास! तरी उद्या परवा अलाइनमेंट बघून घेऊ.

विद्याधर : पेन आहे तुमच्याकडे? आणि टेकायला काहीतरी द्या. अंतर्देशीय खिशात आहे, मघाशीच घेतलं. दत्तारामला काय लिहायचं, ते आता कळलं.

(संध्याकाळ. मुलुंडच्या पोस्टाबाहेर गाडी उभी. चालवून आणली ती विद्याधर यांनी.)

अस्मिता : द्या, मी टाकते पेटीत.

विद्याधर : बस तू. मी जातो.

अस्मिता : टाकलंत?

विद्याधर : टाकलं.

अस्मिता : काय लिहिलंत?

विद्याधर : गाडी उत्तम आहे. तुझ्यावर संशय घेतला, म्हणून उत्तर दिलं नाही. मे महिन्यात भेटायला येतो.

अस्मिता : या गाडीने?

विद्याधर : ते मी ठरवीन.

अस्मिता : स्क्रू कोणी आवळायला लावला, ते लिहिलंत? माझं नाव?

विद्याधर : नाही.

अस्मिता : थँक्यू, बाबा.

विद्याधर : तुझ्यासाठी नाही गं. त्याला कळलं, तर उलट टपाली तुझी बाजू घेऊन लिहील तो. ते मला इतक्यात वाचायचं नाही.