‘चालू स्थितीत मिळाले’

आजच्या या सोहळ्याचे अध्यक्ष, आपल्या शाळा व्यवस्थापन समितीचे माननीय बापूसो मगदूम. पंचायत समितीतून आवर्जून आलेले शिक्षण विस्तार अधिकारी साहेब. व्यासपीठावरचे सर्व मान्यवर. ज्यांच्या निरोपाला अख्खं गाव हातातलं काम टाकून आलंय त्या आपल्या सत्कारमूर्ती, मुख्याध्यापिका संयोगिता इंगवले बाई. समोर बसलेल्या माता-भगिनी, पालक, आजी-माजी विद्यार्थी, आणि जागा नाही म्हणून दाराशी ताटकळलेली पावणेमंडळी, सर्वांना माझा नमस्कार.

आकाराम गुरुजींनी आत्ता माझी ओळख करून दिली. संगणकदाते काय, दानशूर काय, ग्रामीण शिक्षणाचा ध्यास घेतलेलं व्यक्तिमत्त्व काय! गुरुजी, शब्द चांगले होते हो, माणूस तेवढा चुकला. कार्यक्रमपत्रिकेत बाईंच्या आधी माझा सत्कार ठेवला होता. मी गुरुजींना म्हटलं, आधी मला बोलू द्या, शाल-श्रीफळाचं मागाहून बघू. त्यांना वाटलं, मी विनय दाखवतोय. विनय माझ्या अंगात कधीच नव्हता, हे आमच्या सौभाग्यवती सांगतील. त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत.

ज्यांना मी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी अभिनंदन चौगुले. उचगावात माझा जुन्या कॉम्प्युटरचा धंदा आहे. मोठ्या कंपन्या वापरलेली मशीन काढून टाकतात. मी ती आणतो, दुरुस्त करतो, काही विकतो आणि काही शाळांना देतो. दिलेल्यांचे फोटो तुम्ही पेपरात बघितले असतील, कारण न दिसतील असे फोटो मी कधी काढलेच नाहीत. आजवर चाळीसेक शाळांत भाषणं ठोकली, कुठं अडखळलो नाही. आज तोंडाला कोरड पडलीय. ते पाणी जरा इकडं द्या. आभारी आहे.

एकवीस सालच्या पुरात या शाळेतले होते नव्हते ते दोन कॉम्प्युटर गेले. पाणी ओसरलं, वर्ग धुऊन निघाले, आणि पुढच्या महिन्यात बाई एसटीनं उचगावला माझ्या दुकानी आल्या. हातात शाळेच्या शिक्क्याचा अर्ज. किती कॉम्प्युटर मागितले होते त्यांनी? पाच. ‘पाचच द्या, पण चालणारे द्या,’ असं म्हणाल्या. आणि मी काय म्हणालो? ‘पाच काय बाई, वीस देतो की!’ कुणी मागितले होते वीस? कुणीही नाही. दुकानात चार गिऱ्हाइकं बसली होती, ती ऐकत होती, एवढंच.

पुण्याच्या एका कंपनीनं जुनी वीस मशीन दिलीही. ती गोदामात येऊन पडली आणि मी आधी काय केलं असेल? मशीन उघडली? नाही. पत्रिका छापल्या. ‘वीस संगणकांचा भव्य लोकार्पण सोहळा.’ स्टँडजवळ फ्लेक्स लागला, त्यावर माझा फोटो बसएवढा मोठा. पाहुण्यांची तारीख घेतली, वर्तमानपत्रांत बातमी दिली. मग कार्यक्रमाला तीन दिवस उरले तेव्हा कॅबिनेट उघडायला बसलो. आपली माहिती बाहेर जाऊ नये म्हणून कंपनीनं सगळ्या हार्डडिस्क काढून घेतल्या होत्या, बऱ्याच मशीनमधली रॅमही गेली होती. माझ्याकडच्या सामानात जेमतेम चार उभी राहिली. सोळा नुसते डबे.

तारीख पुढं ढकलता आली असती. बाईंना फोन करून ‘चार घेऊन येतो, बाकीची मागनं’ म्हणता आलं असतं. त्या खूश झाल्या असत्या. पण पत्रिकेत वीस छापलं होतं ना! आपल्याकडं पत्रिकेत छापलं की ते झालंच, अशी माझी समजूत. मी सोळा रिकामे डबे पुसून चकचकीत केले आणि टेम्पोत भरले.

त्या दिवशी तुम्ही सगळे होता. पहिल्या रांगेत चार चालू मशीन मांडली होती, पाहुणे तेवढीच बघून गेले. मागच्या सोळांचे नुसते मॉनिटर लावले होते. मॉनिटरचा दिवा लागला की लांबून सगळं चालू आहे असंच वाटतं. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बायडाबाई मावशी ताट घेऊन आल्या. त्यांनी एकही मशीन सोडलं नाही. प्रत्येकाला हळद-कुंकू लावलं, हात जोडले, आणि म्हणाल्या, ‘पोरांचं कल्याण कर बाबा.’ मी शेजारी उभा होतो. मावशी, तुम्ही समोर बसलाय म्हणून सांगतो, तेव्हा मला हसू आलं होतं. लाज वाटायला पाहिजे होती, पण हसू आलं.

त्याच गडबडीत मी बाईंपुढं पोचपावती धरली. माझ्याच प्रिंटरवर छापलेली. ‘वीस संगणक चालू स्थितीत मिळाले.’ बाईंनी वाचलं आणि माझ्याकडं बघितलं. मी कानात म्हणालो, ‘बाई, सही करा, फोटोवाले थांबल्यात. राहिलेल्यांचं सामान आठवड्यात बसवून देतो.’ त्यांनी विश्वास ठेवला आणि सही केली.

सामान आलं होतं. नवव्या दिवशी आलं, हेही आज सांगून टाकतो. पण कोल्हापुरातल्या एका खाजगी क्लासची ऑर्डर अडली होती, तो माणूस फोनवर फोन करून शिव्या घालत होता. ते सगळं सामान मी त्याच्या मशीनमध्ये बसवलं. बाईंनी शिव्या घातल्या नव्हत्या ना, म्हणून.

बाई तीनदा दुकानी आल्या. पहिल्यांदा चहा पाजला, दुसऱ्यांदा तारीख दिली. तिसऱ्यांदा त्या रस्ता ओलांडताना दिसल्या आणि मी आतल्या खोलीत पळालो. गल्ल्यावर माझी बायको, प्रियदर्शनी. तिला सांगून गेलो, मी नाही म्हणून सांग. बाई म्हणाल्या, ‘असू दे. एसटीला अवकाश आहे, मी बसते इथंच.’ आणि एक तास बसल्या! त्या बाहेर, मी आत मदरबोर्डच्या ढिगात, शिंक आली तर नाक दाबून धरतोय. हसा, हसा. मीसुद्धा मित्रांना हा किस्सा हसत सांगितलाय. आज सांगताना नाही हसायला येत.

वर्षभरानं मी या शाळेत परत आलो. कशाला? दुसऱ्या एका कंपनीला दाखवायला फोटो पाहिजे होते. संगणक खोलीत गेलो तर वीस मुलं वीस मशीनपुढं बसलेली. चार पडदे चालू, सोळा काळे. आणि काळ्या पडद्यांपुढची मुलंही टाइप करत होती, तोंडानं एकेक अक्षर म्हणत. सहावीतली अनुजा नावाची मुलगी होती. मी म्हटलं, ‘बाळ, हे तर बंद आहे.’ ती म्हणाली, ‘व्हय सर. आज मी बंदवर हाय. मंगळवारी माझा नंबर चालूवर.’ मी म्हटलं, बंदवर काय शिकतेस? तर म्हणाली, ‘बोटं शिकायची. बंदवर चुकल्यालं कळत न्हाय की, म्हणून बाई शेजारी हुब्या राहून बोटं बघत्यात.’

सोळा मुलांच्या पाठीशी आळीपाळीनं उभं राहायचं आणि बोटं बघायची. माझ्या रिकाम्या डब्यांवर बाईंनी असं शिकवलं. आणि मी काय केलं? मी पुढं जाऊन मुलांचा समोरून फोटो काढला. समोरून काढला की पडदे दिसत नाहीत, नुसते चेहरे दिसतात.

आता जे सांगणार आहे त्यासाठी मी उभा राहिलोय.

बाई, हातानं ‘पुरे’ म्हणून खुणावू नका. तुमचा शब्द मी आजवर कधी पाळला नाही, आजही नाही पाळणार. बापूसो, त्यांना बसवा जरा.

बाईंनी नवीन कॉम्प्युटर मिळावेत म्हणून तालुक्याला अर्ज केला. तिथं नोंद निघाली, या शाळेकडं वीस संगणक आहेत, चालू स्थितीत. तपासणी लागली. तेव्हाचे साहेब, आत्ता बसलेले नव्हेत, शाळेत आले. बघतात तर सोळा बंद. बाई म्हणाल्या, ‘आले तेव्हाच रिकामे होते.’ साहेबांनी पोचपावती पुढं केली. सही कुणाची? साहेबांनी तरीही मला फोन लावला आणि विचारलं, चौगुले, खरं काय ते सांगा. एका शब्दाचं काम होतं. पण त्या महिन्यात जिल्ह्याच्या एका पुरस्कारासाठी माझं नाव होतं. मी म्हणालो, ‘साहेब, वीसच्या वीस चालू करून दिल्यात. शाळेनं कसं वापरलं ते मी काय सांगू? त्या खोलीत ओल असती म्हणं.’

फोन स्पीकरवर होता आणि बाई समोर बसल्या होत्या, हे मला फार नंतर कळलं.

नवीन कॉम्प्युटर मिळायच्या यादीतून शाळा गेली. बाईंच्या सेवापुस्तकात निष्काळजीपणाबद्दल ताकीद लिहिली गेली. छत्तीस वर्षांच्या नोकरीतली ती एकच. आणि ओलीचं मी जे उगाच बोललो, ते गावभर झालं. पारावर, डेअरीत, हळदी-कुंकवात, सगळीकडं एकच, बाईंनी कॉम्प्युटर कुजवले. तुम्ही बोललाच नाही असं म्हणणारा कुणी इथं असेल तर हात वर करा. नाही ना?

मला पुरस्कार मिळाला. शोकेसमध्ये आहे.

गेल्या आठवड्यात बापूसो या कार्यक्रमाची पत्रिका घेऊन दुकानी आले. चहा पिता पिता म्हणाले, ‘बाईंचं सगळं झ्याक हाय बघा. एकच न्हाय जमलं, तुमचं कॉम्प्युटर काय त्यास्नी संभाळाय आलं न्हाईत.’ बापूसो, तुमची यात काही चूक नाही, तुम्ही जे ऐकलं ते बोललात. मी काय केलं? मान हलवली. ‘चालायचंच,’ म्हणालो आणि बशीत चहा ओतला. तुम्ही गेल्यावर प्रियदर्शनी गल्ल्यावरून उठली आणि एवढंच म्हणाली, ‘तुम्ही मान हलवलीत.’ बावीस वर्षांच्या संसारात मला तिची एवढी भीती कधी वाटली नव्हती.

पहिल्यांदा माझं डोकं काय चाललं माहिती आहे? वीस नवीकोरी मशीन टेम्पोत घालून आज इथं आणायची. तीच म्हणाली, ‘टेम्पो नेलात तर टाळ्या पडतील. मग खरं कधी सांगणार?’ म्हणून आज मोकळ्या हातानं आलोय. मशीन सोमवारी येतील, फ्लेक्स नाही, नारळ नाही. आकाराम गुरुजी, उद्या संध्याकाळपासून शाळेचा कार्यभार तुमच्याकडं. एकेक मशीन स्वतः चालू करून बघा, मगच सही करा. माझ्यावर विश्वास ठेवून सही करू नका, एवढी विनंती आहे. आणि अनुजा आता नववीत, दुसऱ्या गावच्या हायस्कुलात जाते. तिच्यासारखी जी मुलं इथून बंदवर शिकून बाहेर पडली, त्यांना मी आता काय देणार? त्यांचं काही भरून निघत नाही.

विस्तार अधिकारी साहेब, हे पत्र आपल्यासाठी. फोनवर जे खोटं बोललो ते यात माझ्या हस्ताक्षरात लिहिलंय, खाली सही आहे. मशीनबरोबर आलेली पुण्याच्या कंपनीची चिठ्ठी जोडली आहे, त्यात हार्डडिस्क काढून घेतल्याचं स्पष्ट आहे. उद्या संध्याकाळी बाई निवृत्त होतील. त्याआधी ती ताकीद निघते का, हे आपल्या हातात आहे. माझ्यावर जी कारवाई करायची ती सावकाश करा, मी उचगावातच आहे, आतल्या खोलीत लपणार नाही.

साहेबांनी पत्र घेतलं. उपकार झाले.

गुरुजी, ती शाल घडी करून ठेवा. भिंतीवर माझं नाव रंगवलंय, तेही पुसा.

बाई, मी तुमची माफी मागायला उभा राहिलो नाही. सभेत माफी मागितली की समोरच्याला ‘असू दे’ म्हणावंच लागतं, आणि तुमचं ते आजवर माझ्या दुकानात तीनदा म्हणून झालंय. तुम्ही काही बोलू नका. बोलायचं आहे ते या गावानं. मंडळी, इथून उठाल, घरी जाल, उद्या डेअरीत दुधाच्या रांगेत उभे राहाल. बाईंनी कॉम्प्युटर कुजवले हे ज्यांना ज्यांना सांगितलं होतं, त्यांना सांगा, ते रिकामेच आले होते. चौगुल्यानं फसवलं म्हणा. माझं नाव घेऊन म्हणा.

अध्यक्ष महाराजांनी मला दिलेल्या वेळेपेक्षा जास्त बोलू दिलं, त्यांचे आभार. तुम्ही मध्येच उठून गेला नाहीत, तुमचेही आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, एखादा शब्द वेडावाकडा गेला असेल, तर तेवढं पोटात घाला. जे मी केलं, ते मात्र पोटात घालू नका.

नमस्कार.