पायातलं जोडवं

इस्लामपूरच्या स्टँडवर नाथाजीच्या हातातली ट्रंक सुटली आणि थेट बायकोच्या पायावर आदळली. मिरजेची एस.टी. निघाली, तरी त्या नवराबायकोचं भांडण काही थांबेना. मागच्या बाकावरच्या रंगूबाईच्या कानावर सगळं पडत होतं.

"बोट काळंनिळं पडलंय. जोडवं आत रुतलंय. ड्रायव्हरची पक्कड आणतो, तोडू या."

"हात लावू नगासा!"

"आगं, मिरजेपतोर बोट जाईल तुजं."

"जाऊ द्या. ट्रंक तुमी पाडायची आन् जोडवं म्या काढायचं व्हय?"

"चांदीचंच हाय न्हवं? दुसरं घिऊ."

"चांदीचं काय सांगतायसा मला? एकाहत्तरच्या लढाईत तुमी सापडत न्हाई म्हणून तार आली, तवा सासूबाई काढ म्हणल्या, भावकी काढ म्हणली. म्या काढलं न्हाई. सा म्हैनं सारं गाव माज्या पायाकडं बगत हुतं. आन् आता तुमीच शेजारी बसून काढ म्हणतायसा?"



"आगं..."

"काय?"

"सापडलोय न्हवं मी? आता तरी काढ."

"मग बसलायसा काय असं? जावा, आणा ती पक्कड!"