खोली क्रमांक सात

...आणि वर मॅनेजर मलाच विचारतात, झोप कशी लागली! अहो, कशी लागणार? तबेल्यात झोपलो मी! तबेला म्हणजे तो दीडशे वर्षांचा, दगडी, जाहिरातीतला नव्हे. त्याच्यामागची नवी पत्र्याची शेड. पेंढ्यावर, बूट उशाला घेऊन! मी नोंदी ठेवणारा माणूस, सगळं वेळेसकट लिहिलंय, खोटं वाटत असेल तर वही दाखवतो. पण करणार काय? ती पडली खानदानी!

ती म्हणजे बायको नव्हे. घोडी.

तुम्हाला सांगतो, लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा ही एवढंच म्हणाली, "मला एक रात्र हवी. एकच. जिथे चादर मला झटकावी लागणार नाही." म्हणून घोड्यांच्या पैदाशीचं हे जुनं ठिकाण गाठलं. जुन्या पागेच्याच आता पाहुण्यांसाठी खोल्या केल्यात, दार मात्र तेच, अर्धं वरचं, अर्धं खालचं. पाच चाळीसला आम्ही खोली सातमध्ये. ही पलंगावर आडवी झाली, डोळे मिटले, म्हणाली, "आता मला कुणी हाक मारू नका." सहा वाजून पाच मिनिटांनी दाराच्या वरच्या अर्ध्यातून एक डोकं आत! लांबट, काळंभोर... आणि टेबलावरचं माझं सफरचंद खाणारं!

मी ओरडलो. मॅनेजर धावत आले. "घाबरू नका साहेब, गाभण आहे, आज-उद्यात विणार." अहो आनंद आहे, पण माझ्या खोलीत हिचं काय काम? तर त्यांच्या मागून म्हातारे मोतद्दारकाका, चाळीस वर्षं घोड्याच सांभाळतायत, शांतपणे म्हणतात, "खोली तिचीच आहे. तिची आई इथे व्याली, आजी इथे व्याली, पणजी त्या तुमच्या पलंगाच्या जागी." आता मला माझ्या पणजीचं नावसुद्धा ठाऊक नाही हो! ती पडली खानदानी, आम्ही कोण? बुकिंगवाले!

तिला तीनदा नव्या शेडमध्ये नेली, तीनदा परत आली. तिसऱ्यांदा घामाने भिजलेली. मॅनेजर मला हळूच म्हणतात, "साहेब, दोन्ही दारं लावून घ्या, कंटाळून जाईल." मी उठलोच होतो, तेवढ्यात काका म्हणाले, "मागच्या खेपेला हेच केलं. बंद दारापुढे उभी राहिली रात्रभर. शिंगरू गेलं."

ही उठली. मला वाटलं, पाणी प्यायला. तर हिने तो पलंग, पंचवीस वर्षांनी मिळालेला, सरकवत बाहेर काढायला घेतला! गालिचा गुंडाळला आणि मला म्हणते, "बघत काय उभे राहिलात? पेंढा आणा!"

"अगं, पण आपली खोली..."

"आपली कुठली? आणि पेंढा टाकून तुम्ही शेडमध्ये जा. तुम्हाला बघून बिचकतेय ती."

"काकांना बघून नाही बिचकत?"

"काका वेळ लिहीत बसत नाहीत."

गेलो शेडमध्ये, घोडीच्या जागी. तिथे पाटी, 'दर तासाला पाहणी'. आणि खरंच, दर तासाला पहारेकरी यायचा, माझ्या तोंडावर बॅटरी मारायचा, पाटीखालच्या वहीत टिक करायचा, जायचा! एकदा विचारलं, "अहो, मी घोडी दिसतो का?" तर म्हणे, "जागा भरलेली आहे ना? झालं."

चार वाजून वीस मिनिटांनी काकांची हाक. धावलो. शिंगरू उभं राहायला बघतंय, चार पाय चार दिशांना, आणि ही पागेच्या पांढऱ्याशुभ्र टॉवेलने त्याला पुसतेय, रडतेय, हसतेय, घोडी हिच्या खांद्यावर नाक टेकून उभी. मी वही उघडली. ही मान वर न करता म्हणाली, "आपल्या मुलीच्या वेळी लिहिली होती वेळ?"

...नव्हती. दवाखान्याच्या बाकावर झोप लागली होती. हिने इतक्या वर्षांत हे कधी काढलं नव्हतं. काढलं ते घोडीसमोर! म्हटलं ना, ती पडली खानदानी. या खेपेला बायकोबद्दल बोलतोय.

निघताना मॅनेजरनी रजिस्टर पुढे केलं. खोली सात, मुक्कामी कोण? मी खरं तेच लिहिलं, 'दोन बाया, एक बाळ.'

"आणि साहेब, आपण?"

म्हटलं, "मला शेडच्या वहीत बघा. दर तासाला टिक आहे."