गणपतीच्या पायाशी ठेवलेले फोटो

पेण-रोहा एसटीत माझ्या पुढच्या सीटवर हाताला रंग लागलेले एक काका आणि मांडीवर लॅपटॉप घेतलेली त्यांची पुतणी. माझे कान आपोआप लांब झाले!

“प्रणिता, विंडोज नवीन टाकलीस, मग दादा मूर्तीचे डोळे रंगवायचा ते फोटो?”

“काका, ते डेस्कटॉपवर का ठेवलेले?”

“तिथे गणपती हाय ना. त्याच्या पायाशी ठेवले, सांभाळील म्हटलं.”

“तो वॉलपेपर हाय, काका! डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्ये असतो. सी फॉरमॅट केला की सगळं पुसतं, गणपतीसकट.”

“म्हणजे गेले? तसा डोळा कसा काढायचा ते सांगायला आता दादा नाय गो.”

“नाय गेले. आधी पेनड्राइव्हवर घेतले. मग हार्डडिस्कचे दोन भाग केले. सीमध्ये विंडोज, डीमध्ये बाबांचे फोटो. विंडोज परत टाकली तरी डीला धक्का नाय.”

“सगळे आले?”

“तीनशे बारा. एकेक उघडून बघितला, म्हणून तर तीन दिवस लागले.”

“कॉपी एकदम होते म्हणतात ना?”

“व्हय, होते.”

काका सरकून लॅपटॉपच्या पडद्याजवळ आले.

“काय झालं, काका?”

“रोहा यायला वेळ हाय. लाव, पहिल्यापासून.”