लाखेवरचा मोर

मंडळी, एक विचारतो. देवळात चोरी झाली, तर झडती आधी कुणाची घ्यावी? — दुसऱ्याची! बघा, उत्तर कसं जिभेवर तयार आहे! आता ऐका.

वडगुळ्याच्या जोगाईच्या मुकुटात बोराएवढं माणिक. नवरात्राआधी दागिने उजळायला काढले, आणि पारखायला बसले अंतोबा पोतदार. पंचक्रोशीत त्यांचा शब्द म्हणजे कसोटीवरची रेघ! त्यांनी डोळ्याला भिंग लावलं — आणि हात थबकला. खऱ्या माणकाच्या पोटात रेशमासारखे तंतू असतात, एखादी चीर असते. जमिनीत घडलेला खडा तो, तुमच्या-माझ्यासारखा डागी असायचाच! आणि इथं? गोल गोल बुडबुडे! भट्टीतला खडा!

"खोटं आहे हे," अंतोबा पुटपुटले.

झालं! पंच देसाई उसळले, "बाळाप्पा! मुकुट रोज तुझ्या हातात. खडा कुठं विकलास?"

बाळाप्पा गुरवानं हात जोडले. "मालक, मी मुकुटावरचं फूल काढतो हो... खडा कसा काढीन?"

"गाभाऱ्यात पाऊल ठेवायचं नाही! पोलिसांना बोलवा रे!"

अंतोबांनी मुकुट उलटा केला. खडा बदलायचा, तर मागची लाख फोडावी लागते. लाख अखंड! तिच्यावर मोराचा ठसा. मंडळी, मोर कुणाचा? अंतोबांचाच! तीस वर्षांपूर्वी त्यांनीच हा खडा बसवला होता. म्हणजे बदलला कुणीच नव्हता — पहिल्या दिवसापासून हाच!

मग तेव्हा भिंग का नाही लावलं? अहो, खडा वाहिला होता त्यांच्या गुरूंनी, भाऊशेटांनी! गुरूच्या हातचं चेल्यानं तपासायचं? डोळ्याला लावायचा खडा अंतोबांनी कपाळाला लावला! भाऊशेट फसले की त्यांनीच फसवलं, ते त्यांच्याबरोबर गेलं.

आता अंतोबांपुढं पेच! बोलावं, तर जन्माची पत मातीत. गप्प बसावं, तर... लाख बघणार होतं कोण? कुणीच नाही!

"देसाई, सोडा त्याला," ते म्हणाले. "हा मोर माझा. न बघता खरं म्हणणारा मी!"

बाळाप्पानं डोळे पुसले. "काका, तुम्ही खोटं म्हणालात, तशी सगळी माझ्याकडं वळली. मुकुटाची मागची बाजू कुणी बघितली नाही."

मंडळी, घरी जाल. काहीतरी खोटं निघेल, बोट लगेच कुणावर तरी उठेल. थांबा! आधी उलटं करून बघा — मागं मोर कुणाचा आहे!