ट्रॅक्टरच्या खिडक्या

संत्या समोर बसलाय म्हणूनच सांगतो, ह्याला कुणी पेनड्राईव्ह देऊ नका. लॅपटॉपवर नवीन विंडोज टाकायची म्हणून ह्यानं शिवरे गावच्या आपल्या मामांच्या ट्रॅक्टरमधला पेनड्राईव्ह मागून आणला आन बुटेबल केला, म्हंजे त्यातच विंडोज भरली. तसं करताना आतलं सगळं पुसलं जातं, हे साहेबांना कुठं ठाऊक. लॅपटॉप झकास चालू झाला. पेनड्राईव्ह परत गेला. मामा नांगरायला बसले, तर टेप मुका. कितीक वर्षं जमवलेली भारुडं गायब.

मामांनी ह्याला फोन लावला. "आरं, गाणी कुठं गेली?"

"मामा, त्यात आता विंडोज हाय."



"लेका, माज्या ट्रॅक्टरला दारं न्हाईत, आन तू खिडक्या बसवल्यास व्हय?"